गाडीखालची बादली

वडापावची असो, भेळेची असो की पाणीपुरीची, हातगाडीसमोर उभे राहिले की नजर वरच खिळते. कढईतून निथळत बाहेर येणारे वडे, परातीत रचलेली शेव, चटण्यांची पातेली, कोथिंबिरीचा ढीग. गाडीच्या खालच्या फळीवर, गिऱ्हाइकाच्या गुडघ्याच्या उंचीवर, आणखी एक वस्तू असते. पाण्याची बादली, नाहीतर निळे पिंप. ताटल्या त्यातच विसळायच्या, हात त्यातच बुडवायचे, कांदा-कोथिंबीर धुवायची तीही त्याच पाण्याने, आणि चटणी घट्ट झाली तर ती सैल करायलाही तेच पाणी. ते कुठून आणले, किती वाजता भरले, दिवसातून किती वेळा बदलले, हे आपण विचारत नाही. करोनाच्या काळात आपण दुधाच्या पिशव्या धुतल्या, दाराच्या कड्या पुसल्या, नोटांना इस्त्री केली. त्या बादलीकडे मात्र आपले लक्ष गेले नाही.

९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातले पहिले करोनाबाधित सापडले. दोनच दिवसांनी जागतिक आरोग्य संघटनेने महामारी जाहीर केली. २२ मार्चच्या रविवारी जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून देश बंद. गिरगाव आणि जुहूच्या चौपाट्या, पुण्यातली सारसबाग, कोल्हापूरचा रंकाळा, नागपुरात सकाळी तर्री-पोह्यांभोवती जमणारी गर्दी, सगळे एका रात्रीत ओस पडले. संध्याकाळी सहा वाजता मुंबईच्या कुठल्याही स्टेशनाबाहेर तेलाचा वास नाही, ही गोष्ट त्या पिढीने पहिल्यांदाच अनुभवली.

रस्त्यावर खाणाऱ्या मोठ्या माणसांचे दोन वर्ग आहेत, आणि महामारीने दोघांना अगदी वेगवेगळे गाठले. एक वर्ग जिभेसाठी खातो. घरी पोळीभाजी तयार असते. भेळ किंवा रगडा पॅटिस ही त्याची हौस. दुसऱ्या वर्गाचे गाडी हेच स्वयंपाकघर. माथाडी, रखवालदार, रात्रपाळी करणारे कामगार, रिक्षावाले, पुण्याच्या पेठांत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले. यांच्या खोलीत गॅस नाही, आणि असला तरी दिवसभराच्या कामानंतर स्वयंपाकाचे त्राण नाही. पहिल्या वर्गाने टाळेबंदीत घरी पुऱ्या तळल्या, पाव भाजले, पुदिन्याचे पाणी केले आणि त्यांचे फोटो नातेवाइकांना पाठवले. दुसऱ्या वर्गाची भूक शिवभोजन थाळीच्या रांगेत उभी राहिली. ही थाळी २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांत सुरू झाली होती. टाळेबंदी येताच तिची किंमत पाच रुपये केली गेली आणि २०२१च्या दुसऱ्या लाटेत ती काही काळ मोफत दिली गेली. महामारीत लोकांनी बाहेरचे खाणे सोडले असे आपण सहज म्हणतो. सोडणे ज्यांना परवडत होते, त्यांनी सोडले.

भीती साहजिक होती. विषाणू नवा होता, रोज आकडे वाढत होते, औषध नव्हते. मुंबईत तर वर्तमानपत्रांची छपाई काही दिवस थांबली आणि एप्रिलमध्ये घरोघरच्या वाटपावरही राज्य सरकारने बंधने आणली, कारण कागदावरून विषाणू घरात येईल अशी धास्ती होती. पुढे गाड्या सुरू झाल्या तेव्हा वडा पुन्हा त्याच छापील कागदावर आला. खरे तर त्या कागदावर आक्षेप आधीपासूनच होता, तो शाईमुळे. गरम, तेलकट पदार्थात छपाईच्या शाईतली रसायने उतरतात, म्हणून खाद्यपदार्थ छापील कागदात बांधू नयेत हा देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१९पासून लागू आहे. विषाणूची धास्ती ओसरली, तशी त्या कागदाकडे कोणी पुन्हा संशयाने पाहिले नाही.

करोनाचा विषाणू अन्नातून पसरतो याचा पुरावा मिळाला नाही. तो श्वासातून, बोलण्या-खोकण्यातून, बंद जागेत साचलेल्या हवेतून पसरत होता. हे सांगणारा एक अभ्यास फार लवकर हाती आला होता आणि तोही एका खानावळीचाच होता. जानेवारी २०२०च्या अखेरीस चीनमधल्या ग्वांगझू शहरात, एका वातानुकूलित रेस्टॉरंटमध्ये शेजारशेजारच्या तीन टेबलांवर तीन कुटुंबे जेवायला बसली होती. त्यांतल्या दहा जणांना करोना झाला. खिडक्या नव्हत्या, आणि वातानुकूलन यंत्राचा झोत तीच हवा त्या तीन टेबलांवरून फिरवत होता. थाळीतल्या पदार्थांचा यात काही दोष नव्हता.

हा अभ्यास नीट वाचला तर उघड्यावरची हातगाडी त्या दिवसांत बंद हॉटेलपेक्षा सुरक्षित होती, असे म्हणावे लागते. अट एकच, गाडीभोवती खांद्याला खांदा लावून घोळका नको. पण आपल्या मनात स्वच्छतेचे चित्र आधीपासून ठरलेले आहे. काच, थंड हवा, गणवेशातला वाढपी म्हणजे स्वच्छ; धूर, रस्ता आणि घामेजलेला हात म्हणजे घाण. महामारीत हे चित्र आणखी पक्के झाले. ज्यांच्याकडे मोबाइलवर ऑर्डर घेण्याची सोय होती ती हॉटेले कशीबशी तगली. हातगाडीला ना पत्ता होता, ना परवाना, ना ॲपवर जागा.

एप्रिल २०२१मध्ये दुसरी लाट आली तेव्हा राज्याच्या आदेशात रस्त्यावरच्या खाद्यविक्रेत्यांना सकाळी सात ते रात्री आठ विक्री करू दिली गेली, पण फक्त पार्सल. तिथे उभे राहून खायचे नाही. गर्दी टाळायला हे आवश्यक होते, त्याबद्दल माझा वाद नाही. पण या नियमाने रस्त्यावरच्या खाण्याची सर्वांत जुनी सुरक्षा काढून घेतली, हे त्या वेळी फारसे कोणी बोलले नाही. कढईतून थेट हातात, हातातून थेट तोंडात, ही ती सुरक्षा. तेलातून निघालेल्या वड्यात जिवंत जंतू राहत नाहीत. तोच वडा ओल्या चटणीसह प्लास्टिकच्या पिशवीत बांधला, वाफेने पाव ओला झाला, घरी नेऊन तासा-दोन तासांनी खाल्ला, की सगळे बदलते. पाच ते साठ अंश सेल्सियस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. कोमट पार्सल नेमके त्या पट्ट्यात मावते.

त्याच सुमाराला गाड्यांवर दोन नव्या वस्तू आल्या. सॅनिटायझरची बाटली आणि पातळ प्लास्टिकचे हातमोजे. गिऱ्हाइकांना हातमोजे फार आवडले. ते दिसताच विश्वास बसायचा. पण हातमोजा घातलेल्या हातानेच नोट घेतली, त्याच हाताने सुटे पैसे दिले, फडक्याने गाडी पुसली आणि त्याच हाताने पुरी फोडून पाण्यात बुडवली, तर मोजा नसलेल्या हाताशी तुलना करता फरक काय राहिला? उलट उघड्या हाताला चिकट लागले की माणूस तो धुतो. मोज्यातल्या हाताला ते कळतच नाही. एकाने पैसे घ्यायचे आणि दुसऱ्याने पदार्थ द्यायचे, ही साधी वाटणी मोज्यापेक्षा जास्त उपयोगी होती. नवरा-बायको मिळून चालवतात त्या गाड्यांवर ती आपोआप होत असे. पुढे क्यूआर कोडची पाटी आली आणि नोटांचा प्रश्न बराच सुटला. महामारीतून गाडीला मिळालेली हीच एक टिकाऊ चांगली गोष्ट.

सॅनिटायझरचेही तसेच. करोनाच्या विषाणूभोवती चरबीचे आवरण असते. अल्कोहोल आणि साबण ते विरघळवतात. म्हणून त्या आजारात त्याचा उपयोग होता. पण उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस बिनआवरणाचा. अल्कोहोलचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. तेलकट, पिठाळ हातांवरही सॅनिटायझर नीट काम करत नाही. तिथे साबण आणि वाहते पाणीच लागते. म्हणजे पुन्हा गाडीखालच्या बादलीपाशीच यावे लागते, कारण बादलीतले पाणी वाहते नसते. पहिल्या गिऱ्हाइकाच्या ताटलीतले दहाव्या गिऱ्हाइकाच्या ताटलीपर्यंत पोचते.

अन्न आणि पाणी यांतूनच पसरणारी महामारी कशी असते, हे पाहायला फार मागे जावे लागत नाही. पटकीची सातवी महामारी १९६१मध्ये इंडोनेशियात सुरू झाली. तीस वर्षांनी, जानेवारी १९९१मध्ये, ती पेरूच्या किनाऱ्यावर उतरली. त्या एका वर्षात पेरूमध्ये तीन लाखांहून अधिक लोकांना पटकी झाली. तिथल्या शहरांत पाण्याला पुरेसे क्लोरीन नव्हते आणि सांडपाणी समुद्रात जात होते. रस्त्यावरच्या विक्रेत्यांचे पदार्थ, त्यांची पेये आणि त्यांतला बर्फ हे आजाराचे वाहक ठरले. लिंबाच्या रसात मुरवलेली कच्ची मासळी, म्हणजे तिथला लाडका सेविचे हा पदार्थ, लोकांनी टाकला आणि कोळ्यांचा धंदा बसला. मासळी सुरक्षित आहे हे दाखवायला राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी यांनी कॅमेऱ्यासमोर ती खाल्ली. आरोग्य खात्याच्या लोकांना त्याने घाम फुटला. तिथे सगळा धोका पोटातून येत होता आणि इथे, २०२०मध्ये, श्वासातून. दोन्ही वेळा लोकांचे बोट मात्र विक्रेत्याकडेच गेले.

कुठला पदार्थ किती जोखमीचा, याचा हिशेब गाडीच्या दिसण्यावरून करता येत नाही. तो आच, पाणी आणि वेळ या तीन गोष्टींवर करावा लागतो. वडा तळला जातो तोवर ठीक. लसणाची कोरडी चटणीही टिकते, कारण तिच्यात ओलावा नाही. हिरवी चटणी ओली, कच्ची, आणि दिवसभर पाणी घालून वाढवली जाणारी. वडापावमधला कच्चा दुवा तोच. मिसळीचा कट दिवसभर उकळत असतो. त्यावर येणारा कांदा मात्र सकाळीच चिरून ठेवलेला असतो. पावभाजी आणि अंडाभुर्जी आपल्यासमोर तव्यावर परतली जाते, त्यामुळे ती आतल्या दुकानातल्या गार सँडविचपेक्षा बरी.

चायनीजच्या गाडीकडे थोडे थांबून पाहायला हवे. तिथला भात दुपारी शिजवून मोठ्या पातेल्यात ठेवलेला असतो आणि रात्री अकरापर्यंत त्यातला थोडा थोडा कढईत जातो. भातात बॅसिलस सिरिअस नावाच्या जंतूची बीजे असतात. ती शिजवण्याने मरत नाहीत. कोमट भातात ती उगवतात आणि असे विष तयार करतात, की मोठ्या आचेवर परतूनही ते नष्ट होत नाही. आगीच्या ज्वाळा पाहून गिऱ्हाईक निर्धास्त होते, पण खरा प्रश्न भात किती तास बाहेर होता हा असतो. भात दोन वेळा कमी कमी लावला तर धोका बराच घटतो. ही गोष्ट कुठल्याही विक्रेत्याला पाच मिनिटांत समजते. समजावून सांगणारा मात्र भेटावा लागतो, आणि गाडीवर येणारा सरकारी माणूस बहुतेक वेळा समजावायला आलेला नसतो.

पाणीपुरीत आच नाहीच. चिंच, लिंबू आणि पुदिन्याच्या आंबटपणाने काही जंतू दबतात, सगळे नव्हे. तिथे पाणी हाच पदार्थ आहे. २०२२च्या जूनमध्ये नेपाळच्या ललितपूर शहरात पटकीचे रुग्ण सापडले, तेव्हा तिथल्या महापालिकेने पाणीपुरी विकायलाच बंदी घातली, कारण पुरीच्या पाण्यात पटकीचे जंतू असल्याचे सांगितले गेले. उसाचा रस, बर्फाचा गोळा, सरबत यांत बर्फाचा प्रश्न वेगळा. मासळी टिकवायला बनवलेला बर्फ पेल्यात जाऊ नये, म्हणून महाराष्ट्रात २०१८पासून अखाद्य बर्फात निळा रंग घालण्याची सक्ती झाली. नियम फार चांगला, कारण त्यात ग्राहकाला यंत्र लागत नाही, डोळे पुरतात. रसवंतीवर उभे राहाल तेव्हा लादीचा रंग जरूर पाहा.

चहाच्या टपरीवरचा बदलही या हिशेबात धरायला हवा. बादलीत विसळलेला काचेचा पेला नको म्हणून महामारीत कागदी कप आले आणि टिकले. कपाच्या आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. शंभर मिलिलिटर गरम चहा त्यात पंधरा मिनिटे राहिला, तर प्लास्टिकचे सुमारे पंचवीस हजार सूक्ष्म कण पेयात उतरतात, असे खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०२०मध्येच दाखवले होते. काचेचा पेला कढत पाण्यातून काढला असता तर यातले काहीच लागले नसते. पण त्यासाठी पुरेसे पाणी हवे.

ते पाणी विक्रेत्याकडे का नाही, हा या लेखाचा गाभा आहे. गाडीवाला पहाटे कुठल्या तरी सार्वजनिक नळावरून, शेजारच्या सोसायटीच्या रखवालदाराला पैसे देऊन, नाहीतर टँकरवाल्याकडून पाणी घेतो आणि ते दिवसभर पुरवतो. हात धुवायला किती आणि ताटली धुवायला किती, याची काटकसर त्याला रोज करावी लागते. ‘ते लोक घाणेरडेच असतात’ हे वाक्य मला संताप आणते. मीठ, हळद, तेल, बटाटा यांच्या किमती तो चोख सांभाळतो, कारण त्या त्याच्या हातात आहेत. नळ त्याच्या हातात नाही.

पथविक्रेत्यांसाठी देशाचा कायदा २०१४मध्ये झाला. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण, प्रभागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घेणे, शहर फेरीवाला समितीत चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्या प्रतिनिधींना आणि त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रियांना, असे सगळे त्यात आहे. मुंबईत त्या समितीसाठी विक्रेत्यांची निवडणूक व्हायला २०२४ उजाडले. मधल्या काळात महामारी येऊन गेली होती. दुसऱ्या लाटेत राज्याने फेरीवाल्यांना दीड हजार रुपये जाहीर केले, ते ‘नोंदणीकृत’ फेरीवाल्यांना. केंद्राची पीएम स्वनिधी योजना १ जून २०२०ला आली. तेव्हा दहा हजार रुपयांचे खेळते भांडवल, वेळेवर फेडले तर व्याजात सात टक्के सवलत. अनेकांना त्याने हातभार लागला. पण तिथेही आधी आपण विक्रेते आहोत हे सिद्ध करणारे ओळखपत्र किंवा महापालिकेचे शिफारसपत्र हवे. वर्षाला शंभर रुपये भरून अन्नसुरक्षेची नोंदणी मिळत असे, वार्षिक उलाढाल बारा लाखांच्या आत असेल तर. ती नोंदणी आरोग्याची झाली. जागेचा हक्क तिने मिळत नाही. अतिक्रमण विभागाची गाडी आली की नोंदणीची चिठ्ठी दाखवून कढई वाचत नाही. उद्या ही गाडी इथे असेल की नाही याची खात्री नसलेला माणूस झाकणाची टाकी, तोटी, हात धुवायचे छोटे बेसिन यांवर पैसे कसे घालेल?

जिथे पाणी पोचले, तिथे फरक दिसला. अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठच्या खाद्यविक्रेत्यांना २०१८मध्ये स्वच्छ स्ट्रीट फूड हबचे देशातले पहिले प्रमाणपत्र मिळाले, पुढे इंदूरच्या छप्पन दुकानाला. ते मिळवायला पाणी, कचरा, झाकण, विक्रेत्यांचे प्रशिक्षण हे सगळे आधी करावे लागले. सिंगापूरने हेच फार मोठ्या प्रमाणावर केले. १९६०च्या दशकाच्या शेवटी तिथे रस्त्यावरच्या विक्रेत्यांची मोजणी झाली, त्यांना परवाने मिळाले, आणि १९७०च्या दशकापासून नळ, गटार, वीज असलेल्या छपरांखाली त्यांना जागा मिळत गेल्या. १९८६पर्यंत हे स्थलांतर पुरे झाले. डिसेंबर २०२०मध्ये, ऐन महामारीत, युनेस्कोने सिंगापूरच्या या फेरीवाला संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. सिंगापूरच्या सगळ्याच पद्धती आपल्याला मानवणार नाहीत, आणि रस्त्यावरची गाडी रस्त्यावरच शोभते असे मला वाटते. पण विक्रेत्याला आधी नळ आणि मग नियम, हा त्यांचा क्रम बरोबर होता.

३१ मार्च २०२२ला राज्याने करोनाचे निर्बंध उठवले. तोंडावरची पट्टी गेली, पार्सल थांबले, गाड्यांभोवती पुन्हा घोळके जमले. सॅनिटायझरच्या बाटल्या काही दिवस रिकाम्या उभ्या होत्या, मग त्याही गेल्या. काही गाड्यांवर वीस लिटरचे जार आले आणि ‘आम्ही मिनरल वॉटर वापरतो’ अशा पाट्या लागल्या. बंद बाटलीतल्या पाण्याला तेव्हा मानकाचा शिक्का लागत असे. गार पाण्याचे सुटे जार भरून देणारे मात्र बहुतेक वेळा त्या चौकटीबाहेर राहतात. जार दिसला म्हणून पाणी शुद्ध आहे असे होत नाही.

मग जानेवारी २०२५ आला. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत, गुइलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक दाखल होऊ लागले. आधी जुलाब, मग पायांतली शक्ती जाणे, काहींना श्वासासाठी यंत्र. रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली, काही मृत्यूही झाले. नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू आढळला, काहींत नोरोव्हायरस. हात आणि कड्या सॅनिटायझरने पुसायला शिकलेल्या शहरात हा आजार आला.

लोकांनी पहिल्यांदा काय केले? पाणीपुरी सोडली. मग चिकन सोडले, पनीर सोडले. त्या भागातल्या गाड्या ओस पडल्या आणि भेळवाले हात बांधून उभे राहिले. तपास मात्र विहिरीकडे, टँकरकडे, खासगी शुद्धीकरण केंद्रांकडे आणि घरोघरच्या नळांकडे वळला. महापालिकेत समाविष्ट झालेल्या या गावांना शुद्धीकरण केंद्रातून न गेलेले, नुसते ब्लिचिंग पावडर टाकलेले विहिरीचे पाणी मिळत होते. ते घरांत प्यायले जात होते. नळातून बाहेर पडताना पाण्याच्या प्रत्येक लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे लागते. ते तपासायची साधी किट असते, दोन थेंब टाकले की रंग दिसतो. त्या जानेवारीत आरोग्य विभागाची माणसे ती किट घेऊन दारोदार फिरली. आता तीच किट प्रत्येक प्रभागात, गाड्या लागतात त्या चौकात, संध्याकाळी पाच वाजता दिसायला हवी. पिंपातल्या पाण्याला रंग आला नाही, तर गाडी उचलून न्यायची नाही. ते पिंप भरून देणाऱ्या नळापर्यंत मागे जायचे.